घरात मंडळी भरवताना
भाऊ, घरात मंडळी, म्हणजे ख्रिस्ती लोकांची प्रार्थनासभा, भरवायची म्हणता; तुमच्या परळच्या खोलीत आठ माणसं मावतात ना? तेवढ्यांपासूनच सुरू करा. प्रिस्का आणि अक्विला या पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती जोडप्याच्या घरातही मंडळी जमायची. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय पाहा.

नवखे हमखास इथे चुकतात:

- माइक, कीबोर्ड आणतात. चाळीत भिंतीला भिंत लागून असते. शेजाऱ्यांना आधी सांगा. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं नुसत्या टाळीवरही रंगतात.
- एकटाच तासभर बोलतो. मला हीच सगळ्यात मोठी चूक वाटते. बायबलमधला एकच उतारा वाचा, मग प्रत्येकाला बोलू द्या. कोपऱ्यात गप्प बसलेल्या मावशींना आवर्जून विचारा.

दानाचा हिशेब दोघांकडे ठेवा.

प्रार्थनेनंतर चहा हवाच. कप हातात आला की लोक मोकळे होतात: कोणाची नोकरी गेली, कोण केईएममध्ये ॲडमिट आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना भेटायला जा.