रेट्रोमध्ये सगळे गप्प बसतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दर दोन आठवड्यांनी रेट्रो (झालेलं काम कसं झालं, याचा टीमने मिळून घ्यायचा आढावा) होते, सगळे ‘ठीक चाललंय’ म्हणतात आणि पंधरा मिनिटांत उठतात. आमच्याकडेही वर्षभर हेच चाललं होतं. आम्ही आठ जण: पाच रत्नागिरीच्या ऑफिसात, दोघं कुडाळला घरून, एक गुहागरला. कुडाळहून दर वेळी एकच उत्तर यायचं, ‘सगळा बरा आसा.’

लोक लाजतात म्हणून गप्प बसतात, असं मला वाटत नाही. मागे बोललो त्याचं काहीच झालं नाही, हे त्यांच्या लक्षात असतं. आमच्या जुन्या नोंदी काढल्या तर ‘टेस्ट सर्व्हर बंद पडतो’ हा मुद्दा सलग सहा वेळा लिहिलेला! फार वाईट वाटलं मला.

तेव्हापासून एकच मुद्दा निवडतो. त्यावर एकाचं नाव घालून बाकीच्या कामांसारखंच पुढच्या स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या पुढच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याच्या, बोर्डावर लावतो. स्क्रम म्हणजे असं टप्प्याटप्प्याने काम करायची पद्धत; तिचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडच्या २०१७च्या आवृत्तीत निदान एक सुधारणा पुढच्या स्प्रिंटमध्ये घ्यायचीच, असं होतं; २०२०मध्ये ती सक्ती गेली. मी जुनाच नियम पाळतो. पुढची रेट्रो ‘ते झालं का?’ इथूनच सुरू होते.

जुलैतली गोष्ट सांगतो. रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वापरात आणणं) चालू असताना गुहागरला लाईट गेली, थोड्या वेळाने मोबाइलची रेंजही गेली, काम अर्ध्यावर अडकलं. रेट्रोत पहिलाच प्रश्न आला, ‘त्याने इन्व्हर्टर का नाही घेतला?’ मी तिथेच थांबवलं आणि किती वाजता काय झालं ते फळ्यावर ओळीने लिहायला लावलं. मग दिसलं, रिलीजची स्क्रिप्ट, म्हणजे ते काम करणारा छोटा प्रोग्राम, फक्त गुहागरच्या त्या मुलाच्याच लॅपटॉपवर होती. पावसाळ्यात कोकणात लाईट जाणारच. स्क्रिप्ट सर्व्हरवर ठेवणं आपल्या हातात होतं. दोन दिवसांचं काम. ऑगस्टमध्ये पुन्हा लाईट गेली तेव्हा कुडाळहून रिलीज पूर्ण झालं. त्यानंतरच्या रेट्रोत गुहागरचा तो मुलगा आपणहून सर्वांत आधी बोलला.

बाकी थोडक्यात: पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी न बोलता, नाव न घालता शीटमध्ये लिहायचं. घरून जोडलेल्यांना आधी बोलू द्या, नाहीतर ऑफिसातल्या गलबल्यात त्यांचा आवाज पोचत नाही. मॅनेजर स्क्रम टीममध्ये नसतील तर त्यांना बोलावू नका. महिन्याच्या स्प्रिंटच्या रेट्रोला स्क्रम गाइडमध्ये जास्तीत जास्त तीन तास सांगितलेत. तुमच्या दोन आठवड्यांना तासभर पुरतो.

या वेळी नवं काही विचारूच नका. जुन्या नोंदींतला सर्वांत जास्त वेळा आलेला मुद्दा मांडा आणि त्यातलं दोन दिवसांत होण्यासारखं काय आहे, तेवढंच ठरवा.