गाडी नावावर करण्याआधी थांबा

प्रश्न : मी नाशिकला राहतो. तीन महिन्यांपूर्वी बंगळुरूच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून २०२० ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ घेतली. सौदा २९ लाखांना ठरला. २४ लाख आरटीजीएसने दिले, ५ लाख रोख. जाहिरातीत ‘३८ हजार किलोमीटर, पूर्ण ओरिजिनल’ लिहिलं होतं. इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये कळलं, की दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसलाच ६७ हजारांची नोंद आहे, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप केलेला आहे, म्हणजे त्याचं प्रोग्रॅमिंग बदललंय, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढून टाकलाय. आरसी मूळ मालकाच्याच नावावर आहे, त्यावर बँकेचा बोजाही दिसतो. विक्रेता म्हणतो, ‘आहे त्या स्थितीत’ घेतल्याची तुमची सही आहे. पैसे परत मिळतील का? की आधी गाडी नावावर करून घेऊ?

उत्तर : नावावर करू नका. निदान पैसे परत हवेत की गाडी ठेवून भरपाई हवी, हे ठरेपर्यंत तरी नाही. फसवून घडवलेला करार रद्द करण्याचा अधिकार तुम्हाला करार कायद्याच्या कलम १९ ने दिलाय. पण लबाडी कळल्यावरही तुम्ही कर भरलात, नोंदणी केलीत, गाडी फिरवत राहिलात, तर ‘यांनी सौदा मान्य केला होता’ हाच समोरच्या वकिलाचा पहिला मुद्दा असेल.

इथे एक गैरसमज दूर करतो. दुसऱ्या राज्यातली गाडी वर्षभर चालते असं सगळे सांगतात, पण ती बारा महिन्यांची सवलत नंबर बदलण्यापुरती आहे. मालकी बदलल्याचं आरटीओला कळवायची घेणाऱ्याची मुदत ३० दिवसांची, आणि ती तुमची उलटून गेलीय. उशिराचा भुर्दंड बसेल. २९ लाखांपुढे तो किरकोळ आहे. मात्र गाडी रस्त्यावर आणू नका. पॉलिसी मूळ मालकाच्या नावाची असेल, तर थर्ड पार्टी विमा कायद्याने तुमच्याकडे आला असं धरतात, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग नाही. शिवाय रीमॅप विमा कंपनीला सांगितलेलं नसणार. उद्या ठोकलीत तर दमडी मिळणं कठीण.

आणि कृपा करून ईसीयू पुन्हा ‘स्टॉक’, म्हणजे कंपनीच्या मूळ स्थितीत, करून घेऊ नका. तोच तुमचा पुरावा आहे. सर्व्हिस सेंटरकडून तपासणीचा अहवाल आणि जुनी सर्व्हिस हिस्टरी सही-शिक्क्यासह मागा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मीटरचे फोटो, विक्रेत्याशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप जपा आणि फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याचा मसुदा वकील करून देतील.

तुमचा सगळ्यात उपयोगी साक्षीदार मात्र तुम्ही अजून गाठलेलाच नाही : मूळ मालक. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलंय. म्हणजे त्याचाही जीव टांगणीला आहे. फोन करून शांतपणे तीन गोष्टी विचारा. गाडी दिली तेव्हा मीटरवर आकडा किती होता, कर्ज फिटलंय का, आणि विक्रेत्याला गाडी सोपवल्याचं आरटीओला ‘फॉर्म २९सी’ने कळवलं होतं का. नोंदणीकृत जुन्या वाहनांच्या विक्रेत्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि ताब्यातल्या गाडीचा मानीव मालक (कायद्याने मालक धरलेला) म्हणून जबाबदारी घ्यायची, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. अधिकारपत्र नसेल तर ते तक्रारीत ठळकपणे लिहा. मूळ मालकाने ‘मी दिली तेव्हा साठ हजारांच्या वर होती’ एवढं लेखी दिलं, तरी अर्धी लढाई तिथेच संपते.

‘आहे त्या स्थितीत’ची सही ऐकून घाबरू नका. त्या ओळीने झिजलेले टायर, ओरखडे, दमलेला क्लच झाकता येतो, लबाडी नाही. विक्रेता असंही म्हणेल, की थोडी चौकशी केली असती तर सर्व्हिस रेकॉर्ड तुम्हालाही दिसलं असतं. कायद्यात असा बचाव खरंच आहे, पण तो चुकीची माहिती अजाणता दिली असेल किंवा लबाडीने गप्प बसले असतील तेव्हाचा. इथे विक्रेता गप्प बसला नाही, त्याने ३८ हजार हा आकडा छापला. तो खोटा आहे हे त्याला ठाऊक होतं, एवढं मात्र दाखवावं लागेल. म्हणूनच मूळ मालक महत्त्वाचा. बोजा न सांगता गाडी विकणं हा मालविक्री कायद्याखाली वेगळा भंग आहे. कर्ज खरोखर बाकी असेल, तर बँक गाडी उचलूनही नेऊ शकते.

दाद कुठे मागायची? नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, बंगळुरूच्या खेपा घालायची गरज नाही. ५० लाखांपर्यंतचा मोबदला जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतो, मुदत दोन वर्षांची. गाडी स्वतःच्या वापरासाठी घेतली हे तक्रारीत लिहा. विक्रेता धंदा म्हणून गाड्या विकतो म्हणून हे शक्य आहे. एखाद्या गृहस्थाकडून थेट घेतली असती, तर दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागली असती. फसवणुकीची लेखी तक्रार पोलिसांतही द्या, पण ‘हा दिवाणी मामला आहे’ हे ऐकायची तयारी ठेवून.

५ लाखांच्या रोखीची धास्ती तुमच्या पत्रात दिसते. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर आयकर कायद्याने बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, देणाऱ्याला नाही. तुम्ही फक्त ते पैसे कुठून आले हे दाखवू शकलं पाहिजे. रक्कम तक्रारीत लपवू नका. विक्रेत्याने ‘कॅश मिळाली’ असा मेसेज केला असेल तर तो सोन्यासारखा जपा.

आता निवड. भारतात या मॉडेलच्या फक्त २०० गाड्या आल्या, आणि ती सोडवत नाही हे तुमच्या पत्रातून लपत नाही. माझं मत विचाराल तर पैसे परत मागा. ज्याने मीटर फिरवलं त्याने आणखी काय लपवलं असेल, हे सात गिअरच्या त्या डीएसजी गिअरबॉक्सला उघडल्याशिवाय कळायचं नाही. या आठवड्यात नोटीस पाठवा : करार रद्द केला आहे, १५ दिवसांत २९ लाख व्याजासह परत करा, गाडी तुमच्या खर्चाने घेऊन जा.

तरीही ठेवायचीच असेल, तर नोटिशीत भरपाई मागा आणि तज्ज्ञाची तपासणी झाल्यावरच कन्व्हर्टर बसवून, ईसीयू मूळ स्थितीत आणून घ्या. बदल तसेच ठेवले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा, म्हणजे गाडीत केलेल्या बेकायदा बदलांचा, प्रश्न इथून पुढे तुमचा होतो. त्यानंतर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, मग बंगळुरू आरटीओची एनओसी, आणि शेवटी नाशिक. ही गाडी तयार अवस्थेत आयात झालेली आहे, तेव्हा कर कुठल्या दराने बसेल ते नाशिक आरटीओत आधीच विचारून घ्या.