पार्किन्सन्समुळे समोरच्याचं बोलणं समजायला त्रास होतो का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना पार्किन्सन्स आहे, कान तपासले ते ठीक निघाले, तरी सांगितलेलं त्यांना कळत नाही. 'हो' म्हणतात आणि भलतंच करतात. हा आजाराचाच भाग की विसरभोळेपणाची सुरुवात, असं तुम्ही विचारताय.

आजाराचा भाग असू शकतो. मी डॉक्टर नाही, पण आमच्या आबांना पार्किन्सन्स होऊन आठ वर्षं झाली. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात ते दिवाणजी होते. सौद्याच्या गलक्यात कुणाचे किती रवे कुठल्या भावाला गेले, हे नुसतं ऐकून वहीत उतरवणारा माणूस. त्यांना मी एकदा म्हणालो, "आबा, जेवायच्या आधी गोळी घ्या." ते "बरं" म्हणाले. अर्ध्या तासानं बघतोय तर ताट रिकामं आणि गोळी हातात धरून बसलेले. मी ओरडलो. ते नुसते बघत राहिले, चेहरा कोरा. त्या ओरडण्याचं मला आजही फार वाईट वाटतं, कारण अडचण माझ्या वाक्यात होती.

ते वाक्यच बघा. कानावर पहिल्यांदा जेवण येतं, मग गोळी. करायचं मात्र उलट. ऐकलेलं क्षणभर मनात धरून त्याचा क्रम फिरवावा लागतो. आपल्याला ते जाणवतही नाही. पार्किन्सन्समध्ये मेंदूत खोलवर डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हे डोपामिन ज्या भागांना लागतं, त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात, आणि ते कपाळामागच्या मेंदूशी जोडलेले असतात. हातपाय हलवण्याइतकंच क्रम लावणं, लक्ष एकीकडून दुसरीकडं वळवणं, ऐकलेलं धरून ठेवणं यातही त्यांचा वाटा असतो. म्हणून शब्दांचे अर्थ बहुतेक वेळा शाबूत असतात, पण लांब आणि उलटसुलट वाक्य उलगडायला वेळ लागतो. आपण तोवर पुढचं वाक्य टाकलेलं असतं. 'काल ज्याच्याकडून आणलं त्याच्या भावाला फोन करा' हेही तसंच.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं तेव्हा बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात असंच लिहिलं होतं. हा म्हणजे फक्त थरथरीचा आजार, असं कितीतरी लोक अजून धरून चालतात.

आणखी एक. आवाजातला राग, थट्टा, काळजी ओळखणंही काहींना जड जातं. त्यात त्यांचा स्वतःचा चेहरा हलत नाही, आवाज बारीक होतो. मग घरच्यांना वाटतं, यांना आमचं काही पडलेलंच नाही. पडलेलं असतं हो. आबांना असतं.

आता आम्ही "आबा, गोळी घ्या" एवढंच म्हणतो. जेवायची वेळ झाली की, "आता जेवा." एका वेळी एकच काम, घडायचं त्याच क्रमानं. टीव्ही बंद, समोर बसून. आणि विचारल्यावर थांबायचं, हे सगळ्यात कठीण. परवा मी विचारलं, "यंदा गूळ कसा निघालाय म्हणतात?" दहा-बारा सेकंद काहीच नाही. माझ्या बायकोनं बोलायला तोंड उघडलं, मी हातानं थांबवलं. मग आबा म्हणाले, "पाऊस लांबला, उतारा कमी पडंल." त्यांना सगळं कळलं होतं.

विस्मरणाचं म्हणाल तर या आजारात पुढे काहींना स्मृतिभ्रंश होतो, त्यामुळं मेंदूविकारतज्ज्ञांना हे जरूर सांगा. गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक वाढला असेल तर थांबू नका. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा एखादं औषधही त्याला कारण असतं. जाताना एक वही न्या. गोळी किती वाजता घेतली आणि बोलणं कधी नीट कळलं, कधी नाही, एवढं आठवडाभर टिपा. गोळीचा असर उतरल्यावर काहींना समजायलाही जड जातं, आणि ते घरच्यांशिवाय कुणाला दिसत नाही.