मुंबईत क्रिकेट मैदानावर जाऊन पाहू लागलेल्या मित्रास

आयपीएलच्या तिकिटापासून सुरुवात करण्याची घाई करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. वानखेडेवरील रणजी सामन्याला गर्दी विरळ असते आणि फलंदाज पहिल्या तासात कोणते चेंडू सोडून देतो, कर्णधार क्षेत्ररचना केव्हा व कशासाठी बदलतो, हे तेथे निवांतपणे न्याहाळता येते. २०२४च्या मार्चमध्ये मुंबईने याच मैदानावर विदर्भाला हरवून रणजी करंडक ४२व्यांदा जिंकला, आणि त्या परंपरेचे मूळ शहरातल्या मैदानांत आहे.

म्हणून पावसाळ्यात कांगा लीग ही मुंबईतील क्लबांची स्पर्धा अवश्य पाहा. १९४८ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत ओलसर खेळपट्टीवर चेंडू कधी थांबून येतो, कधी अचानक उसळतो, आणि उंच वाढलेल्या गवतामुळे जमिनीवरून मारलेला फटका सीमेपर्यंत पोहोचतच नाही. फलंदाजाच्या तंत्राची इतकी कठोर परीक्षा मी अन्यत्र पाहिलेली नाही. आझाद मैदानावर अनेक सामने शेजारीशेजारी चालतात, तेव्हा पाठीमागून येणाऱ्या चेंडूकडेही लक्ष असू द्या.

वानखेडेवर मोठ्या सामन्याला जाताना पिशवी घरीच ठेवा. दुपारचा सामना असल्यास पश्चिमेकडील आसन निवडा, कारण पूर्वेकडे मावळतीचे ऊन थेट डोळ्यांवर येते. सामना संपताच चर्चगेटला लोटणाऱ्या गर्दीत शिरण्याऐवजी मरीन ड्राइव्हवर थोडा वेळ थांबा. मात्र शेवटच्या लोकलची वेळ आधीच पाहून ठेवा.