आधी पाण्याला जा

प्रिय,

इंडोनेशियातल्या सुंबा बेटावरून आलेलं तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. पाइपलाइनची चारी खणायला बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी चौघंच आले. नळाची महिन्याची वर्गणी परवडत नाही म्हणणाऱ्या घरानं त्याच आठवड्यात मयताला म्हशी कापल्या. आणि आता तुझं मत झालंय की या लोकांना पाणी नकोच आहे, तेव्हा आपण परत यावं. तीन पानं लिहिलीस. लोकांच्या मनाविषयी, विकासाविषयी, स्वतःच्या निराशेविषयी. एक गोष्ट मात्र तीन पानांत कुठेच सापडली नाही. त्या बायकांबरोबर तू खाली झऱ्यावर गेलीस का?

गेली नाहीस, हे मला न विचारता कळतंय. आधी पाण्याला जा, मग बोलू.

पण मला तेवढ्यावर थांबवत नाही, म्हणून लिहिते. सुंबाची जुनी गावं डोंगरमाथ्यावर का, हे तू वाचलं असशीलच. आपापसातल्या लढाया आणि माणसं पकडून गुलाम म्हणून विकणाऱ्या टोळ्या यांच्या भीतीनं लोक वर राहिले. लढाया गेल्या, टोळ्या गेल्या, पाणी मात्र खालीच राहिलं. इंडोनेशियन भाषेत झऱ्याला ‘माता आयर’ म्हणतात. ‘माता’ म्हणजे डोळा आणि ‘आयर’ म्हणजे पाणी. चुनखडीच्या खडकात एवढासा डोळा, त्यावर अख्ख्या गावाचा दिवस. बहुतेक पाऊस डिसेंबर ते मार्चमध्ये पडतो. आत्ता तुला सगळीकडे हिरवं दिसतंय. ऑक्टोबरात ये म्हणावं बघायला.

2011 साली मी बेटाच्या पूर्व भागात गेले तेव्हा माझ्याकडे जीपीएस होतं, नकाशा होता, आणि बावीस वर्षांच्या नोकरीची घमेंड होती. झऱ्याची उंची, टाकीची उंची, डोई लिटर, सगळं गणित गाडीच्या बॉनेटवर मांडलं. बैठक झाली. सुपारी फिरली, गोड कॉफी आली, पुरुष बोलले, बायका मागे बसल्या. नळकोंडाळं कुठे हवं असं विचारल्यावर एका सुरात उत्तर आलं, गावाच्या मधल्या अंगणात, मोठ्या घरासमोर, दगडी थडग्यांच्या कडेला. मी लिहून घेतलं. सौर पंप बसला, पाणी आलं, फोटो निघाले. आणि निम्म्या गावाच्या बायका पूर्वीसारख्याच खाली झऱ्यावर जात राहिल्या. मला वाटलं, सवय आहे, सुटेल हळूहळू. चौदा महिन्यांनी पंपाचा कंट्रोलर जळला. सुटा भाग जावा बेटावरच्या सुराबायाहून यायचा होता. तो आलाच नाही. तोवर अहवालात ‘काम पूर्ण’ असं लिहून झालं होतं आणि खाली सही माझी होती.

पंप बंद पडल्यावर लाजेपोटी मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर खाली गेले. पहाटे पाचला. पाच-पाच लिटरचे पिवळे जेरीकेन, खाण्याच्या तेलाचे रिकामे झालेले. झाकण हरवलेल्याला दाणे काढलेल्या कणसाचं बूच. आठ-नऊ वर्षांची एक पोर दोन हातांत दोन घेऊन माझ्या पुढे चालत होती आणि वळणावर उभी राहून माझी वाट बघत होती. दहा लिटर म्हणजे दहा किलो, हे मी शेकडो तक्त्यांत लिहिलंय. बोटांत ती कडी रुतते तेव्हा तिसऱ्या वळणावर हात बधिर होतो, हे कुठल्याही तक्त्यात नव्हतं.

त्या झऱ्यावर मला महिनाभरात जे कळलं ते दोन सर्वेक्षणांत कळलं नव्हतं. रांगेत कोण पुढे आणि कोण कायम शेवटी, ते बघ. पूर्व सुंबात मारंबा म्हणजे सरदार घराणी, आणि अता म्हणजे त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राबणारी माणसं. कागदावर आज कुणी अता नाही. पण मोठ्या घरचं पाणी कोण वाहतं ते झऱ्यावर दिसतं. त्या बायका मोठ्या घरासमोरच्या नळावर स्वतःसाठी हंडा लावून कशा उभ्या राहणार होत्या? महाडला 20 मार्च 1927 रोजी काय घडलं हे पाठ करून आलेली मी, मला हे बैठकीत दिसू नये? पाणवठा म्हणजे काय हे तुला-मला कुणी शिकवायला नको. तरी नळाची जागा मी मोठ्या घराला विचारूनच ठरवली.

आणखी एक. पावसानं दगा दिलेल्या वर्षी झऱ्याखालच्या ओहोळात टोपल्या ठेवलेल्या दिसायच्या, वर दगड. आत ‘इवी’चे पातळ काप. हा रानातला कंद विषारी असतो. वाहत्या पाण्यात दिवसेंदिवस भिजवल्याशिवाय खाता येत नाही. कुणाच्या घरातला मका संपलाय हे सर्वेक्षणाच्या फॉर्मवर कुणी सांगत नाही, लाज वाटते. ओहोळात कुणाची टोपली आहे यावरून कळतं. आणि कालपर्यंत येणारी एखादी सतरा-अठराची मुलगी दिसेनाशी झाली की समजायचं, मलेशियाला कुणाच्या तरी घरी कामाला गेली. त्या प्रांतातून गेलेल्यांपैकी काही जण पेटीतून परत येतात, प्रांताच्या राजधानीच्या, कुपांगच्या विमानतळावर. हे सगळं तुझ्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात बसणार आहे, सांग.

आता तुझ्या चारीबद्दल. फेब्रुवारी महिन्यात तू लोकांना खणायला बोलावलंस! जुना मका संपलेला, नवा कणसात दूध धरतोय, शेतात खुरपणी. वर्षातले हे सगळ्यात भुकेचे दिवस. पाण्याला गेली असतीस तर बायकांनी तुला हे चालता चालता सांगितलं असतं. ‘गोतोंग रोयोंग’ म्हणजे आपली सावड, इर्जिक. ती पोटात अन्न असताना होते. जेवण घालून बोलाव, नाहीतर मका घरात येईपर्यंत थांब. तुझ्या कार्यालयाच्या तारखा चुकल्या तर चुकू देत.

म्हशींबद्दल मी तुला गुळमुळीत काही सांगणार नाही. मयताला आणलेलं प्रत्येक जनावर लक्षात ठेवलं जातं आणि फेडावं लागतं. त्या घरानं म्हशी ‘उडवल्या’ नाहीत, बापानं कधीतरी घेतलेलं फेडलं. ते फेडलं नसतं तर उद्या त्यांच्या मुलीच्या लग्नाला, त्यांच्या आजारपणाला कुणी उभं राहिलं नसतं. आणि हेही खरं, की त्या फेडण्यात एका हुशार मुलाची कुपांगची कॉलेजची फी गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. मला संताप आला होता, आजही येतो. पण त्याच्या आईबरोबर रोज पाणी वाहिल्यामुळे तो संताप तिच्यासमोर बोलता आला, आणि ती रागावली नाही, रडली. झऱ्यावर न जाता तू हे बोललीस तर पाहुणी आहेस म्हणून ऐकून घेतील, बस्स.

मला लोक हट्टी म्हणतात. 2012 नंतर मी महिनाभर पाणी वाहिल्याशिवाय एकाही आराखड्यावर सही केली नाही. वरिष्ठ म्हणाले, महिनाभराचा पगार देऊन आम्ही इंजिनिअरला जेरीकेन उचलायला ठेवलेलं नाही. दोन वर्षांनी करार वाढवला नाही. त्या दोन वर्षांत तीनच गावं झाली. पण तिथे नळ कुठे बसवायचा ते झऱ्यावर ठरलं होतं, आणि जिथे जमलं तिथे विजेशिवाय, पाण्याच्याच जोरावर चालणारा हायड्रॅम बसवला. त्याची झडप गावातला माणूस बदलू शकतो. तीनच गावं, हो. मला ती कमी वाटत नाहीत.

माझा भाऊ म्हणतो, माणमध्ये टँकर चालू असताना तू परक्यांची तहान भागवत बसलीस, आई गेली तेव्हासुद्धा तिथेच होतीस. होते. त्याला मी काय उत्तर देते ते सांगते. बहात्तरच्या दुष्काळात आई दोन कोसांवरून हंडे आणायची. मी सहा वर्षांची. बरोबर येते म्हटलं की म्हणायची, तू पुस्तक घेऊन बस. पुढेही तिनं मला हंड्याला हात लावू दिला नाही. त्या पुस्तकांवर मी पाण्याची इंजिनिअर झाले आणि आयुष्यात एकदाही तिच्याबरोबर पाण्याला गेले नाही. तिची वाट किती चढाची होती, ती कुठे थांबायची, रांगेत तिच्या पुढे कोण असायचं, मला माहीत नाही. सुंबात शिकून परत आले तेव्हा विचारायला ती नव्हती. भावाला हे उत्तर पटत नाही. तुला पटावं म्हणून लिहीत नाही. पण मी तिथे गेले हे चुकलं असं मी म्हणणार नाही, मरेपर्यंत नाही.

परत यायचं की नाही हे महिन्याभरानं ठरव. शनिवारी वाईंगापूच्या बाजारातून पाच लिटरचे दोन जेरीकेन घे, जुनेच घे. सुपारी, चुना आणि विड्याच्या वेलीची ती लांबट फळंही घे. तिथे पानापेक्षा फळ खातात. शेजारच्या ‘मामा’च्या (तिथे आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात) ओट्यावर संध्याकाळी ते पुढे ठेव आणि उद्या किती वाजता निघायचं एवढंच विचार. वही नेऊ नकोस. पहिल्या दिवशी अर्धं पाणी सांडेल, बायका हसतील, पोरं हातातला जेरीकेन ओढून घेतील. देऊ नकोस.

पुढच्या पत्रात मला एवढंच लिही, की रांगेत शेवटी कोण उभं होतं आणि ओहोळात टोपल्या किती होत्या.

तुझी,
ताई