मोजून दोन मिनिटांनी तुटणारी जोडणी

वाचकांचे प्रश्न : संगणक

या महिन्याच्या टपालात पीपीपीडीविषयी एकदम पाच पत्रे आली. युनिक्स घराण्यातील संगणकांवर दोन टोकांमधली पॉइंट-टू-पॉइंट जोडणी (पीपीपी) उभी करणारा आणि ती सांभाळणारा हा डीमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम. टेलिफोनवरचे मोडेम घराघरांतून गेले, तरी रानातल्या यंत्रांत आणि फायबरच्या पीपीपीओई (ईथरनेटवरून चालणाऱ्या पीपीपी) जोडण्यांत तो अजून राबतो आहे, हे या पत्रांवरून दिसते. सदरात आज्ञांची आणि फाइलींची नावे नेहमीप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टंकावीत आणि कोणते अक्षर लहान, कोणते मोठे, हे मॅन पानावर, म्हणजे संगणकातल्याच मदत-पुस्तिकेत, पडताळून घ्यावे.

प्रश्न : आमच्या उपसा सिंचन योजनेच्या विहिरीवर पाण्याची पातळी मोजणारे यंत्र बसवले आहे. रास्पबेरी पायला यूएसबीने फोर-जी मोडेम जोडला असून पीपीपीडीने जोडणी लगेच होते, आयपी पत्ताही मिळतो, पण मोजून दोन मिनिटांनी ती तुटते. रेंज उत्तम आहे. सिम बदलले, मोडेम बदलला, तरी तेच. शिवाय ‘पर्सिस्ट’ हा पर्याय लिहिलेला असूनही पावसाळ्यात टॉवर काही वेळ बंद पडला, की नंतर यंत्र आपणहून पुन्हा जोडले जात नाही आणि कोणाला तरी विहिरीवर जावे लागते. — एक वाचक, कराड

उत्तर : आपल्या पत्रातला ‘मोजून’ हा शब्द सगळ्यांत मोलाचा आहे. रेंजमुळे किंवा ढिल्या वायरीमुळे तुटणारी जोडणी कधी वेळ पाळत नाही. ती दर वेळी घड्याळाच्या ठोक्याला तुटत असेल, तर कोणीतरी मोजून तोडते आहे असे समजावे, आणि इथे तोडणारा खुद्द आपल्याच संगणकावरचा पीपीपीडी आहे. आपण पाठवलेल्या लॉगमध्ये शेवटून दुसरी ओळ आहे ती ‘चार इको-विनंत्यांना उत्तर नाही’ अशा अर्थाची. आपण कदाचित लिहिलेही नसेल, परंतु डेबियन घराण्यातील वितरणांत, म्हणजे रास्पबेरी पायवरही, ‘/इटीसी/पीपीपी/ऑप्शन्स’ या फाइलीत ‘एलसीपी-इको-इंटर्व्हल ३०’ आणि ‘एलसीपी-इको-फेल्युअर ४’ या दोन ओळी आधीपासून असतात. त्यांचा अर्थ असा, की दर ३० सेकंदांनी समोरच्या टोकाला हाक मारावी आणि लागोपाठ चार हाकांना ओ आली नाही तर ते टोक गेले असे धरून जोडणी सोडावी. पहिली हाक जोडणी होताच जाते, पुढच्या तीन ३०, ६० आणि ९० व्या सेकंदाला जातात, आणि १२० व्या सेकंदाला पीपीपीडी निकाल देऊन मोकळा होतो.

मग समोरचे टोक ओ का देत नाही? टेलिफोनच्या दिवसांत हे टोक सेवा देणाऱ्या कंपनीच्या इमारतीत असे, आणि तिथला सर्व्हर या हाकांना नेमाने उत्तर देत असे. मोबाइलच्या मोडेममध्ये मात्र पीपीपी त्या मोडेमच्या आतच संपते. ‘एटीडी*९९#’ हा नंबर लावला, तरी तो कोठे वाजत नाही. मोडेम स्वतःच ‘कनेक्ट’ म्हणतो आणि स्वतःच पीपीपीची बोलणी करतो. तेथून पुढे डेटा मोबाइल जाळ्याच्या स्वतःच्या पद्धतीने जातो. म्हणून अशा जोडणीत एलसीपीची, म्हणजे पीपीपीच्या पहिल्या टप्प्याची, बोलणी यशस्वी झाली, याचा अर्थ यूएसबीची दोन इंचांची वायर ठीक आहे इतकाच होतो, टॉवरपर्यंत पोहोचलो असा नव्हे. काही मोडेमच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये इको-विनंतीला उत्तर देण्याची सोयच नसते. आपण बदलून आणलेला मोडेम त्याच कंपनीचा असावा असा माझा अंदाज आहे.

उपाय एका ओळीचा आहे. ‘/इटीसी/पीपीपी/पीअर्स’ या फोल्डरमधल्या आपल्या जोडणीच्या फाइलीत ‘एलसीपी-इको-इंटर्व्हल ०’ असे लिहावे. मूळ ‘ऑप्शन्स’ फाइलीला हात लावू नये, कारण ती त्या संगणकावरच्या सगळ्याच पीपीपी जोडण्यांना लागू असते. ती आधी वाचली जाते आणि ‘कॉल’ने बोलावलेली पीअर्समधली फाइल नंतर, त्यामुळे नंतरचे मूल्य टिकते. पण हाका बंद केल्यावर जोडणी खरोखरच मेली तर ते कळणार कसे? त्यासाठी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दर दहा मिनिटांनी चालणारी छोटी स्क्रिप्ट ठेवावी, जी ‘पीपीपी०’ या इंटरफेसमधून आपल्याच सर्व्हरला पिंग करील आणि उत्तर न आल्यास पीपीपीडीला हँग-अप सिग्नल पाठवील. ‘पर्सिस्ट’ असताना हा सिग्नल मिळाला, की डीमन जोडणी सोडून पोर्ट बंद करतो आणि थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करतो. टर्म सिग्नल पाठवला तर मात्र तो कायमचा बाहेर पडतो, म्हणून या दोन सिग्नलांत गल्लत करू नये.

आता टॉवर बंद पडल्यानंतरच्या मौनाविषयी. ‘पर्सिस्ट’ म्हणजे अमर्याद प्रयत्न, असा बहुतेकांचा समज असतो, आणि नावावरून तो होणे साहजिकही आहे. प्रत्यक्षात ‘मॅक्सफेल’ या पर्यायाचे न लिहिता मिळणारे मूल्य १० आहे, म्हणजे ओळीने दहा प्रयत्न फसले की डीमन थांबतो. दोन प्रयत्नांमधली विश्रांती ठरवणाऱ्या ‘होल्डऑफ’चे मूळ मूल्य अवघे ३० सेकंद असल्यामुळे आणि टॉवर नसताना मोडेम लगेच ‘नो कॅरिअर’ म्हणत असल्यामुळे हे दहा प्रयत्न पाच-सहा मिनिटांतच संपू शकतात. ‘मॅक्सफेल ०’ आणि ‘होल्डऑफ ६०’ असे लिहिल्यास आपली विहिरीवरची फेरी वाचेल.

जाता जाता आणखी एक. असा मोडेम यूएसबीला लावला की एक नव्हे, चार-पाच सीरियल पोर्ट दिसतात. त्यांतले एक आज्ञांसाठी, एक उपग्रहावरून स्थान कळवण्यासाठी, एक डेटासाठी, अशी वाटणी असते. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर त्यांचे क्रमांक बदलू शकतात, म्हणून पीअर्सच्या फाइलीत क्रमांकाचे नाव न देता ‘/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी’ या फोल्डरमधले लांबलचक नाव द्यावे. ते वाचायला कुरूप असले तरी बदलत नाही.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत केबलचे नेटवर्क बंद पडल्यास पर्याय म्हणून पीपीपीडीने मोबाइल डोंगल चालवायचे आहे. पण ‘समोरच्या यंत्रणेने आपली ओळख पटवणे आवश्यक आहे, पण तिच्यासाठी योग्य पासवर्ड सापडला नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊन प्रोग्रॅम बंद होतो. गंमत म्हणजे नेटवर्कची केबल काढून ठेवली की हेच डोंगल निमूटपणे चालते. ‘ऑप्शन्स’ फाइल आम्ही रिकामी ठेवली आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : केबलचा आणि पासवर्डचा संबंध नाही असे वाटते, पण तो आहे. पीपीपी ही दोन समान टोकांची बोलणी असल्याने कोणी कोणाला फोन केला याला तिच्या लेखी महत्त्व नसते. दोन्ही टोके एकमेकांना ‘तू कोण’ असे विचारू शकतात. ‘ऑथ’ किंवा ‘नोऑथ’ यांपैकी काहीच लिहिलेले नसेल, तर पीपीपीडी असा विचार करतो : या संगणकाला बाहेर जाण्याची वाट, म्हणजे डिफॉल्ट रूट, आधीच आहे, तेव्हा आता जोडू पाहणारा हा बाहेरचा पाहुणा असणार, आणि त्याची ओळख पटल्याशिवाय त्याला आत घेता येणार नाही. केबल काढली की ती वाट नाहीशी होते आणि संशयही जातो. मोबाइल कंपनी अर्थातच आपल्याला स्वतःची ओळख पटवून देत बसत नाही, म्हणून आपल्या पीअर्स फाइलीत ‘नोऑथ’ लिहावे. हा अधिकाराचा पर्याय असल्यामुळे सामान्य वापरकर्त्याने तो आज्ञेत टंकला तर नाकारला जाऊ शकतो, पण पीअर्समधल्या फाइली रूट या मुख्य वापरकर्त्याच्या (root) ताब्यात असल्याने तेथे तो चालतो. ‘नोऑथ’मुळे आपला पासवर्ड पाठवणे बंद होते, ही भीती काही वाचक पूर्वीपासून कळवत आले आहेत, तसे होत नाही, आपण समोरच्याची ओळख मागणे तेवढे थांबवतो.

यानंतर आपल्याला दुसरी अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवतो. ‘डिफॉल्टरूट’ लिहिले तरी केबलची वाट अस्तित्वात असेल तर पीपीपीडी ती बदलत नाही, लॉगमध्ये तसे नोंदवून गप्प बसतो. आपल्याला डोंगल पर्याय म्हणूनच हवे असल्याने हा स्वभाव सोयीचाच आहे. जोडणी होताच चालणाऱ्या ‘आयपी-अप’ स्क्रिप्टमधून जास्त मेट्रिकची, म्हणजे कमी पसंतीची, दुसरी वाट जोडली, की केबलची वाट जाताच डोंगलची वापरात येईल. ही स्क्रिप्ट पीपीपीडी जवळजवळ रिकाम्या वातावरणात चालवतो आणि तिचे छापलेले शब्द कोठेच दिसत नाहीत, तेव्हा प्रत्येक आज्ञेचा पूर्ण मार्ग लिहावा. डेबियनवर ‘आयपी-अप.डी’ या फोल्डरात स्क्रिप्ट ठेवणार असाल, तर तिच्या नावात टिंब ठेवू नये. ‘.एसएच’ असे शेपूट असलेली फाइल तेथे काही न बोलता वगळली जाते, आणि या एका टिंबापायी माझी एक अख्खी दुपार गेलेली आहे.

प्रश्न : जुन्या पुस्तकातील चॅट स्क्रिप्टमध्ये ‘ओगिन:’ आणि ‘सवर्ड:’ असे शब्द आहेत. हे छपाईचे दोष आहेत का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : दोष नव्हेत. चॅट स्क्रिप्ट, म्हणजे मोडेमशी बोलून नंबर लावण्याच्या सूचना, जोडीजोडीने लिहितात : आधी कशाची वाट पाहायची, मग काय पाठवायचे. समोरून ‘लॉगिन’ हा शब्द मोठ्या अक्षराने सुरू होईल की लहान, याचा भरवसा नसे, आणि खराब लाइनवर पहिले अक्षर गळूनही पडे. म्हणून डोके सोडून धडाचीच वाट पाहिली जाई. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, त्या काळी नंबर लागल्यावर नाव आणि पासवर्ड असे अक्षरी विचारले जाणे सर्रास होते. आज ‘कनेक्ट’ आल्यानंतर लगेच पीपीपी सुरू होते. त्या जुन्या ओळी तशाच ठेवल्या, तर चॅट कधीच न येणाऱ्या ‘ओगिन:’ची वाट पाहत बसते आणि पीपीपीडी ८ हा निर्गमन क्रमांक देऊन थांबतो. आठ म्हणजे जोडणीची स्क्रिप्ट फसली, दहा म्हणजे पीपीपीची बोलणी फसली, एकोणीस म्हणजे आपला पासवर्ड नाकारला गेला. संदेश कळेनासा झाला तर निदान हा आकडा टिपून पाठवावा, म्हणजे आम्हालाही अंदाज बांधणे सोपे जाते.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या लिनक्स संगणकात नेटवर्क कार्ड नाही, यूएसबी चालत नाही, फक्त सीरियल पोर्ट आहे. त्यावरील सुमारे ६०० मेगाबाइट फाइली नल-मोडेम केबलने (दोन संगणक थेट जोडणाऱ्या सीरियल केबलने) नव्या संगणकावर आणू पाहतो, तर ‘सीरियल लाइन लूप्ड बॅक’ असा संदेश येतो. केबल नवी आहे. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : प्रत्येक टोक पीपीपीच्या पहिल्या संदेशात एक यादृच्छिक जादूई क्रमांक घालते. स्वतःचाच क्रमांक परत आला, की आपलेच बोलणे आपल्याला ऐकू येते आहे हे त्याच्या लक्षात येते. केबलमध्ये पाठवण्याची आणि घेण्याची तार एकमेकींना चिकटली असल्यास असे होते, पण अधिक वेळा कारण वेगळे असते : दुसऱ्या संगणकावर त्या पोर्टवर पीपीपीडी नव्हे, तर गेटी हा लॉगिन विचारणारा प्रोग्रॅम बसलेला असतो आणि तो आलेले प्रत्येक अक्षर जसेच्या तसे परत पाठवतो. वडिलांच्या संगणकावरचे गेटी आधी बंद करावे. मग एका बाजूला पोर्टचे नाव, वेग ११५२००, ‘१९२.१६८.५०.१:१९२.१६८.५०.२’, ‘लोकल’, ‘नोऑथ’ आणि ‘नोडिटॅच’ असे पर्याय देऊन पीपीपीडी चालवावा आणि दुसऱ्या बाजूला तेच, फक्त दोन पत्ते उलट करून. मध्ये मोडेम नसल्याने कॅरिअरची वाट पाहू नये हे ‘लोकल’ सांगते. केबल तीनच तारांची असेल तर ‘नोसीआरटीएससीटीएस’ही लिहावे, नाहीतर संगणक हार्डवेअरच्या परवानगीसाठी ताटकळत राहील.

वेळेची कल्पना असू द्यावी. या वेगाने प्रत्येक बाइटला दहा बिट लागत असल्याने सेकंदाला जास्तीत जास्त ११,५२० बाइट जातात, म्हणजे ६०० मेगाबाइटना साडेचौदा तास, आणि वरचा खर्च धरून थोडे अधिकच. फाइली नेण्यासाठी आरसिंक हा प्रोग्रॅम वापरावा, म्हणजे मध्ये वीज गेली तरी नेऊन झालेल्या फाइली पुन्हा न्याव्या लागणार नाहीत, आणि त्याला ‘पार्शल’ हा पर्याय द्यावा, म्हणजे अर्धवट गेलेली फाइलही वाया जाणार नाही. रात्री झोपताना सुरू करावे.

प्रश्न : फायबरच्या जोडणीचा पासवर्ड अचूक असूनही नाकारला जातो. त्यात # हे चिन्ह आहे. — एक वाचक, मडगाव

उत्तर : ‘पॅप-सीक्रेट्स’ आणि ‘चॅप-सीक्रेट्स’ या पीपीपीडीच्या पासवर्ड ठेवण्याच्या फाइलींत # पासून पुढचा मजकूर टीप म्हणून सोडून दिला जातो. पासवर्ड दुहेरी अवतरणांत लिहावा. त्याच ओळीतील पहिले नाव पीअर्स फाइलीतील ‘यूजर’शी अक्षरशः जुळते का तेही पाहावे, आणि फाइलीची परवानगी ६०० ठेवावी.