मी पाळक नाही, मग मी कुणाला काय शिकवणार?

"आमच्या मंडळीतली एक मुलगी म्हणते, मावशी, मला प्रार्थना करायला शिकवा. मी काय पाळक आहे का, मॅडम?" पुण्यात घोरपडीला राहणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंचा हा प्रश्न. पाळक म्हणजे मंडळीचा, म्हणजे चर्चचा, धर्मगुरू. वेगवेगळ्या शब्दांत तो मला बऱ्याच विश्वासी लोकांनी विचारला आहे, म्हणून त्यांच्या परवानगीने आणि ओळखीचे तपशील बदलून लिहिते.

मुलगी अहिल्यानगरकडच्या खेड्यातली, नोकरी खराडीला. गावी संध्याकाळी आई सगळ्यांना बसवून प्रार्थना करायची. इथे खोलीत तीन मैत्रिणी, त्यात ही एकटीच ख्रिस्ती. डोळे मिटले की शब्दच सुचत नाहीत, असं ती म्हणायची. तिला टाळायला मावशी उपासना संपताच बाजूच्या दाराने निघू लागल्या होत्या आणि त्या अपराधीपणाने त्यांची झोप उडाली होती. "बिबवेवाडीला पाळक घडवणारी एवढी मोठी सेमिनरी आहे, तिथली शिकलेली माणसं सांगतील की तिला. मला तर संदेष्ट्यांची नावंही क्रमाने येत नाहीत."

मी विचारलं, "तुमचा स्वतःचा विश्वास कुणामुळे वाढला?"

मला वाटलं, एखाद्या पाळकसाहेबांचं नाव येईल. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आमच्या वॉर्डच्या सिस्टर. रात्रपाळी सुरू व्हायच्या आधी औषधांच्या ट्रॉलीवर हात टेकून दोन मिनिटं उभ्या राहायच्या. मला वाटायचं, कंबर दुखत असेल. एका रात्री मी फार घाबरले होते, तेव्हा म्हणाल्या, ये, उभी राहा माझ्याबरोबर. पेशंटची नावं घेऊन प्रार्थना केली त्यांनी. बस, एवढंच."

"त्यांनी तुम्हाला काय शिकवलं?"

"काहीच नाही हो..." म्हणता म्हणता त्या थांबल्या.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला अठरावा अध्याय त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. अपुल्लोस मोठा वक्ता, शास्त्रात निपुण, पण त्याचं ज्ञान अपुरं, फक्त योहानाच्या बाप्तिस्म्यापुरतंच होतं. त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग नीट समजावला तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या राहुट्या शिवून पोट भरणाऱ्या नवरा-बायकोने. मग मावशींनाच पुढे ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक आठवले. १८९३ मध्ये त्यांच्या हाती नवा करार आला तो आगगाडीतल्या एका सहप्रवाशाकडून.

आम्ही ठरवलं ते साधंच होतं. शनिवारी मुलीला जेवायला बोलवायचं. जेवण झालं की स्तोत्र १३ वाचायचं. सहाच वचनं आहेत, आणि "किती काळ?" असं त्यात देवालाच विचारलं आहे. मग मावशींनी स्वतःची रोजची प्रार्थना मोठ्याने करायची, नाशिकचा मुलगा फोन करत नाही त्या दुःखासकट. तिला दाखवायला म्हणून वेगळी, सजवलेली प्रार्थना नको. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, पाळकांना विचारू" म्हणायचं.

दोन गोष्टी मात्र मी बजावून सांगितल्या. ती जे बोलेल ते 'प्रार्थनेचा विषय' म्हणून महिला मंडळात जाता कामा नये. आपल्या मंडळ्यांत असं फार होतं, आणि एकदा भरवसा तुटला की माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. दुसरं, तिची झोप, भूक आठवडेच्या आठवडे गेलेली दिसली तर विश्वास कमी पडतोय असं म्हणायचं नाही, डॉक्टरकडे घेऊन जायचं.

पहिल्या शनिवारी मावशी प्रार्थनेत मध्येच अडखळल्या. मुलाचं नाव घेतलं आणि पुढचं वाक्यच येईना. तेव्हा ती मुलगी बोलली, "प्रभू, मावशींना धीर दे. आणि मला इथे फार एकटं वाटतं." महिनोन्‌महिन्यांनी तिला सुचलेले हे पहिले शब्द.

हल्ली ती कधी येते, कधी येत नाही. परवा मावशींनी काळजीने विचारलं, "माझं काही चुकलं का?" मला तसं वाटत नाही. महिनाअखेरीला तिला कामाचा ताण असतो, आणि शनिवारी आलंच पाहिजे असं ओझं तिच्यावर नसावं. मी म्हटलं, उपासनेला का आली नाहीस हे विचारू नका, फक्त या शनिवारी जेवायला काय केलंय ते कळवा.